ज्या गावाला जायचं नव्हतं

माय,

लिहीन लिहीन म्हणत किती वर्षं घालवली ते विचारू नको. कधी पेन नव्हता, कधी कागद नव्हता, आणि दोन्ही असले की नेमकी कुठली तरी बस लागलेली असायची. आलापल्लीच्या लाकूड डेपोत होतो तेव्हा एकदा खरंच बसलो होतो. 'माय' एवढं लिहूनही झालं होतं. तेवढ्यात शेजारच्या तंबूत कोणीतरी ढोलकीला नवं कातडं चढवत होतं, ते बघायला म्हणून उठलो, आणि दुसऱ्या दिवशी त्या ढोलकीवाल्यासोबत वरातीच्या बँडमध्ये थेट सिरोंच्याला. परत आलो तेव्हा तो कागद कोणीतरी बिडी पेटवायला नेला होता. माझं असंच होतं. तुला नवीन नाही.

आज मात्र उठून जायला जागाच नाही. मी ज्या गावात बसलोय ते गाव आज बांधणार आहेत. गाव बांधणं तुला माहीत आहे. आखाडीच्या आधी करतात तेच, पण या वर्षी चैतातच. सूर्य डोक्यावर आला की रस्त्याकडचा शेवटचा खुंट ठोकतील, आणि मग कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही. सकाळपासून चूल पेटलेली नाही. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या काढून ठेवल्यात. बायकांनी कालच भात रांधून आंबील करून घेतली. सगळं गाव असं गप्प बसलंय की चिंचेवरची खार उतरली तरी ऐकू येते. मी ओसरीवर बसून तुला लिहितोय, कारण दुसरं काही करायची परवानगी नाही. आणखी एक. तुझ्याशी बोलताना मी 'मले' म्हणायचो, पण लिहायला घेतलं की आश्रमशाळेतले गुरुजी मानेवर बसतात आणि 'मला' येतं. चालवून घे.

तुझं अहेरीच्या बस स्टँडवरचं हॉटेल मला अजून दिसतं. हॉटेल म्हणजे काय, चार बल्ल्या, वर टिन, एक कढई. तू आलुबोंडे काढायचीस आणि मी बाकड्याखाली बसून चाकं बघायचो. कुठल्या गाडीचं चाक कुठला चिखल घेऊन आलं, हा माझा अभ्यास. काळा चिखल चंद्रपूरकडचा, लाल इकडचा. एकदा मी न सांगता भद्रावतीच्या गाडीत जाऊन बसलो. कंडक्टरनं पुढच्या थांब्यावर उतरवून उलट्या गाडीत बसवून दिलं. मला वाटलं आता झारा पाठीत बसतो. तू नुसतं बघितलंस आणि म्हणालीस, "जाचं होतं तं सांगाचं. मी तांदूळ कमी घातले असते." मारापेक्षा ते जास्त लागलं. पुढच्या बाजाराला तू मला चपला आणल्यास, दोन बोटं मोठ्या. पुढे कापूस कोंबून दिलास. "पाय तं वाढतीलच तुहे," म्हणालीस, "चपलीनं काऊन मागं राहावं." मी त्या पायांना लहान होईपर्यंत घातल्या, आणि लहान झाल्यावरही थोडे दिवस.

आणि एक दिवस मी तुला बापाचं विचारलं. एक गाडी होती, रोज दुपारी लागायची, चामोर्शीच्या बाजूच्या एका गावाची. कंडक्टर त्या गावाचं नाव ओरडला की तू कढईकडे तोंड फिरवायचीस. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. मी लहान होतो पण आंधळा नव्हतो. म्हणून विचारलं, माहा बा त्या गावचा हाय का? तू झाऱ्यातलं तेल नितळेपर्यंत थांबलीस. मग म्हणालीस, "ज्या गावाले जाचं नाई, त्या गावचा रस्ता काऊन पुसतं?"

माय, मी त्याच गावात बसलोय.

आता जे सांगतो ते ऐकून घे, मध्ये बोलू नको. हे गाव तेच आहे पण ते नाही. थंडी सरताना मी भद्रावतीहून अहेरीला येत होतो. वाटेत जंगलात गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हर म्हणाला, अर्धा तास. मी खाली उतरलो, आणि कुठून तरी मोहाचा वास आला. मोह पडायला अजून अवकाश होता, म्हणून वाटलं बघू तर, कोणाचं झाड इतकं घाईचं आहे. गेलो आत. झाड काही सापडलं नाही. परत फिरताना एक वेल पायात आली, ती ओलांडली. तेवढंच. तू भुलनवेलीचं सांगायचीस ना, ओलांडली की माणसाला आपला रस्ता आपला वाटत नाही, मग सदरा काढून उलटा घालायचा. रस्त्यावर आलो तर माझी गाडी नव्हती, आणि रस्ता होता तसाच असून कोणा दुसऱ्याचा वाटत होता. मी सदरा उलटा घातला. थोड्या वेळानं एक बस आली. हिरवीगार. आपल्या लाल गाड्या, ही हिरवी.

"कुठी जाचं?" कंडक्टरनं विचारलं.

"अहेरी."

"सदरा उलटा हाय, भाऊ."

"माहीत हाय. माह्या मायनं सांगतलं होतं."

त्यानं मला खालून वर बघितलं. "मायनं सांगतलं तं राहू दे," म्हणाला, आणि घंटी मारली. लोक इथेही चांगले आहेत, हे मला पहिल्याच गाडीत कळलं.

अहेरीचा स्टँड जागच्या जागी होता. फक्त तुझ्या हॉटेलाच्या जागी कडुलिंबाचं झाड, आणि झाडाला पार. पारावरच्या म्हाताऱ्याला म्हटलं, इथी एक बाई आलुबोंडे काढे. तो म्हणाला, "इथी कईच हाटेल नव्हतं, बावा. ह्या लिंब माह्या बापानं लावला." मी त्याच्याशी भांडलो नाही. लिंब खरंच त्याच्या बापाच्या वयाचा होता. मग चंद्रपूरला गेलो. आपल्याकडे वीजघराच्या चिमण्या दिसल्या की गाडीतले लोक पिशव्या आवरायला लागतात. तिथे चिमण्याच नाहीत. मी चंद्रपूर मागे टाकून किती तरी पुढे गेलो, चिमण्यांची वाट बघत. भद्रावतीत कारखाना नाही, वसाहत नाही, नुसती धानाची शेतं. तेव्हा समजलं की वेलीच्या पलीकडे हे दुसरं आहे, आपल्या शेजारी असूनही आपल्याला न दिसणारं. त्या जागी मी पुन्हा पुन्हा गेलो. ती वेल सापडली नाही. म्हणजे वेली पुष्कळ होत्या. ओलांडता येतील तेवढ्या ओलांडल्या. सदरा इतक्या वेळा उलटसुलट केला की शेवटी कोणती बाजू खरी तेच समजेना.

खरं सांगू का, मला फार वाईट वाटलं नाही. तिकडे माझं होतं तरी काय, एक बॅग आणि कोणाकोणाकडे ठेवलेले कपडे. इथे फिरायला सगळं नवीन. मी तेंदूच्या झाडांची छाटणी करायला गेलो, नावेवर राहिलो, असं चाललं होतं. आणि मग वरचे उतरले.

त्यांना पेपरात काय म्हणतात ते मला लिहिता येत नाही. इकडे सगळे 'वरचे' म्हणतात. तारे असतात तिथून कुठून तरी आलेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं यंत्रं असतील, आगी लावतील. तसं काही नाही. आभाळातून एक करडी गोधडी उतरावी तसं ते रस्त्यावर उतरतात, आवाज नाही, वारा नाही, आणि उठतात तेव्हा रस्त्यावर जे चालत होतं ते नसतं. मी एकदा लांबून बघितलं, आष्टीच्या पुलाकडे. हिरवी बस पुलावर उभी होती, दारं उघडी, आणि एका खिडकीत कोणाचा तरी टॉवेल वाळत होता. माणूस एक नाही. रक्त नाही, चप्पल नाही. पूल मात्र धुतल्यासारखा स्वच्छ. मी पळालो नाही. पाय उचललेच नाहीत, आणि त्यामुळेच वाचलो असं नंतर लोक म्हणाले. कारण वरच्यांना हलतं तेच दिसतं. मोटार, आगगाडी, चाऱ्याला निघालेला कळप, धूर, चक्की. एकटा माणूस पायी असला तर कधी उचलतात, कधी सोडतात. सरकारनं भोंगे लावून सांगितलं की सगळ्यांनी चंद्रपूरला या. लोक निघाले, रस्ते भरले, आणि भरलेल्या रस्त्यांवरच ते सगळ्यात आधी उतरले. पुढे मग बातमी आली की पलीकडच्या एका गावानं, अंगावर माता येते त्या साथीसाठी, गाव बांधलं होतं, आणि वरचे त्या गावावरून आले तसे निघून गेले. जणू तिथे गाव नव्हतंच. बघ ना, कोणी साथीसाठी काढलेली रीत, आणि कामाला आली कशाच्या!

मी कुठे होतो? हां. तर मला जायला जागा नव्हती. तेव्हा या गावाचं नाव आठवलं. एवढ्या मोठ्या दोन जगांत मला पाठ असलेलं एकच नाव. पायी आलो, झाडाझाडानं थांबत. तलावाच्या पाळीवर, तिथल्या उंच बांधावर, एक बाई गोवऱ्या गोळा करत होती. मला बघून तिनं टोपली खाली ठेवली आणि सुरू झाली, "आला का लेका! दोन डाव पळून गेला, दोन डाव वापस आला. आता बांधून टाका म्हना याले खाटेले!" मी म्हणणार होतो की बाई, तुम्ही चुकताय. पण ती पुढे आणि मी मागे, आणि ती अख्ख्या गावाला ओरडून सांगत चाललेली. एका घरासमोर थांबली. "घे गा भाऊ, तुहा पोरगा." ओसरीवर एक म्हातारा सूप विणत बसला होता. त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "ये. पाय धू."

हा म्हातारा कोण ते तुला कळलं असेल. मला बाप असं अजून लिहिता येत नाही, म्हणून म्हातारा म्हणतो. तोंडानं भाऊ म्हणतो. इथे बापाला भाऊ म्हणणारे पुष्कळ, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. त्याला स्वतःला मात्र पहिल्या जेवणातच समजलं होतं. दुसऱ्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर आम्ही दोघंच होतो. तो पळसाची पानं तोडत होता. तोडता तोडता, मान वर न करता म्हणाला, "तू माहा नोहय."

"नाई."

"माहा पोरगा हात न धुताच ताटावर बसे. माय मरेलोक बोंबलली, तरी धुतले नाईत. तू धुतले." पानांचा गठ्ठा बांधला. "मंग कोनाचा?"

मी तुझं नाव सांगितलं. त्यानं गठ्ठा सोडला आणि पुन्हा बांधला.

"थे तं गेली, बावा."

"तिकडंबी गेली."

"काहानं?"

"तापानं."

"इथीबी तापानंच," म्हणाला. मी वेलीचं, हिरव्या गाडीचं, सगळं सांगितलं. त्यानं भूतखेत म्हणून हात झटकले नाहीत. जंगलात राहणाऱ्याला वेलीचं पटवून द्यावं लागत नाही. शेवटी त्यानं विचारलं, "तिकडं मी कसा होतो?"

हे मला अवघड गेलं, माय. तू मला त्याबद्दल काही दिलंच नव्हतंस. मी म्हटलं, "तिकडं तुम्ही नव्हतेच. थे एकटीच होती. मले घिऊन अहेरीले आली, अन थ्या रस्त्याकडं पाहेबी नाई."

तो हसल्यासारखा झाला, पण हसला नाही. "इथीबी निघाली होती. माह्या मायचं तोंड लई वाईट. ही भाकर थापे अन थे मागून बोले, अन मी ऐकत बसो. एक दिवस पोट्ट्याले खांद्यावर टाकलं अन निघाली. पाळीपर्यंत गेली. मी मागं गेलो."

"मंग?"

"मंग काय. म्हनलं, चाल घरी. आजपासून माह्या मायले उत्तर मी देत जाईन, तू नोको देऊ." आणि पानांकडे बघत म्हणाला, "तिकडचा मी उठला नसंन."

तेवढंच, माय. दोन जगांमध्ये चिमण्या, कारखाने, हिरव्या गाड्या कितीही वेगळ्या असू देत, माझ्यापुरता फरक तेवढाच आहे. एका ठिकाणी हा माणूस खाटेवरून उठला आणि पाळीपर्यंत गेला. दुसऱ्या ठिकाणी बसून राहिला. मी त्याच्यावर रागावून बघितलं. म्हटलं, न उठलेल्याचा राग उठलेल्यावर काढू. जमला नाही. तू इथे राहिलीस ते बरं झालं का, हेही मी घरभर शोधलं. तुझी चूल आहे. तिच्यामागच्या भिंतीला तुझ्या उंचीवर डोकं टेकल्याचा तेलकट डाग आहे, म्हणजे बसत होतीस कधी कधी नुसती. अहेरीला तुला टेकायला भिंत नव्हती. पण तिथे तू गाणं म्हणायचीस, कढईत बोंडा सोडताना; म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "गाणं? थे कई गायली नाई." त्याला त्याचं इतकं आश्चर्य वाटलं की मला ते गाणं म्हणून दाखवावं लागलं. मला नीट येत नाही. त्यानं दोनदा म्हणायला लावलं.

तर त्याचा एक पोरगा आहे. नाव माझंच, कारण तूच ठेवलेलं. तू गेल्यावर तो घरात टिकला नाही. कधी भातकापणीच्या टोळीसोबत, कधी ट्रकवर. वरचे उतरले तेव्हा सिरोंच्याकडे होता एवढंच माहीत. नंतर काही नाही. कोणाचंच काही कळत नाही. म्हातारा त्याच्याबद्दल बोलत नाही. पण रोज एकदा पाळीवर जाऊन येतो, आणि आल्यावर म्हणतो, पाणी किती हाय पाहून आलो.

परवा गाव बांधायचं ठरलं. गावदेवाचं करतो त्या भुमकानं सगळ्यांना चिंचेखाली बसवलं आणि रीत सांगितली. घरातल्या माणसागणिक एक मूठ धान सुपात टाकायचं, टाकताना त्याचं नाव घ्यायचं. बिब्याच्या लाकडाचे खुंट शिवेवर ठोकायचे, शेवटचा रस्त्याकडे. जे आत ते आत, जे बाहेर ते बाहेर. खुंट ठोकल्यावर वरचे जाईपर्यंत शिव कोणी ओलांडायची नाही, बाहेर रडणं ऐकू आलं तरी. एकानं ओलांडली की सगळं गाव हललं. हे ऐकताना मी माझ्या पायांकडे बघत होतो. मला एका जागी बसता येत असतं तर आज आपलं सगळंच वेगळं असतं.

त्या पाळीवरच्या बाईनंच विचारलं, "अन ह्या बसंन का? याच्या पायाले तं भिंगरी हाय." लोक हसले. भुमक हसला नाही. म्हाताऱ्यानं त्याला माझं सगळं आधीच सांगितलं होतं, गावात फक्त त्यालाच. त्यानं आम्हा दोघांना बाजूला घेतलं.

"पाहून घे, भाऊ. नाव एकच हाय. एका नावाची एकच मूठ. याच्या नावानं टाकली, अन उद्या थो आला, तं गाव त्याले वळखनार नाई. मले मंग म्हनजो नोको."

मी म्हटलं, मी जातो. मी तर जाणाराच माणूस आहे. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. भुमकाला म्हणाला, "जो दारात हाय त्याले बाहेर काढाचं, अन जो कुठी हाय माहीत नाई त्याच्यासाठी जागा ठेवाची?"

"पन ह्या तुहा नोहय ना."

"तिचा तं हाय."

आज सकाळी सूप घरासमोर आलं. म्हाताऱ्यानं कोठीतून धान काढलं. पहिली मूठ स्वतःच्या नावानं टाकली, झटकन. दुसरी मूठ सुपावर धरली आणि नाव घेतलं. मूठ उघडायला त्याला वेळ लागला. सूप धरणारा पोरगा नाही, मोठा माणूस होता, तोही दुसरीकडे बघायला लागला. मग धान पडलं. म्हातारा आत गेला आणि उगाच मडकी हलवत राहिला. नंतर बाहेर येऊन म्हणाला, "आता तू पाळीवर जाऊ नोको. मीबी जात नाई." आणि माझ्या शेजारी बसला. तेव्हापासून बसलाय. मी काय लिहितोय ते त्याला वाचता येत नाही. मघाशी त्यानं विचारलं, कोनाले? मी सांगितलं. तर म्हणतो, "लिही. माहं बी लिही, का पाणी बरं हाय तलावाले." लिहिलं.

उन्हं आता ओसरीच्या खांबाला आली आहेत. तीन बाजूंचे खुंट ठोकून झाले, ठोके मोजले नाहीत पण ऐकले. लोक रस्त्याच्या टोकाशी उभे आहेत. मी मघापासून विचार करतोय की खुंट ठोकला की मला काय होईल. गुदमरायला होईल असं वाटलं होतं. तसं नाही. उलट बरं वाटतंय, आणि ते बरं वाटणंच मला नवीन आहे. कोणीतरी माझ्या नावानं मूठभर धान टाकलं, माय. तू गेल्यापासून माझ्या नावानं कोणी तांदूळ घातले नव्हते. मी बसेन. भिंतीला तुझ्या डागावर डोकं टेकून बसेन आणि म्हाताऱ्याला ते गाणं नीट शिकवेन, हळू आवाजात. असं मी ठरवलं होतं. म्हणजे आत्तापर्यंत.

थांब. पाळीवर कोणीतरी आहे.

रस्त्याकडचे सगळे तिकडे बघतायत. कोणी ओरडत नाही, ओरडायचं नाही आज. एकटाच आहे, पायी, झाडाझाडानं थांबत येतोय. गोवऱ्यांची बाई तोंडावर पदर धरून एकदा तिकडे, एकदा ओसरीकडे बघते आहे. म्हातारा उठून उभा राहिला. खांब धरलाय. एक पाऊल टाकलं नाही. एकदा तो बायकोच्या मागे पाळीपर्यंत धावला होता, आणि आता त्याला धावता येत नाही, कारण मी शेजारी बसलोय.

भुमक खुंट हातात धरून तिथूनच, हळूच विचारतो, "भाऊ, यातला कोनता?"

म्हातारा खांब धरूनच आहे. याचं उत्तर त्याला द्यावं लागूही नये. माझे पाय आहेत, एकटा पायी चालणारा कधी कधी सुटतो, आणि तो आलाय तसा मीही जाईन, झाडाझाडानं थांबत. तेव्हा आता लिहिणं सोडतो आणि भुमकाला उत्तर मीच देतो. कागद इथेच राहील, तुझ्या चुलीपाशी. पाठवणार तरी कुठे होतो.

उठायच्या आधी एकच. इतकी वर्षं लिहिलं नाही ते पेन नव्हता म्हणून नाही. तुझा चेहरा आठवेनासा झाला होता, आणि चेहरा नसलेल्या माणसाला काय लिहायचं ते सुचत नव्हतं. फोटो तू कधी काढू दिला नाहीस. लोक म्हणायचे पोरगा मायवर गेला, पण आरशात मला मीच दिसायचो. तो आता पाळ उतरून उन्हात आलाय, डोळ्यांवर हात धरून इकडे बघतोय. माय, तू अशी दिसायचीस.